मुंबई–दुबई, तीन तास आणि एक पडदा

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी मेसेज केले, की दुबईला जाऊन आलास तर तिथलं काहीतरी सांग. सांगणार आहे, पण दुबईचं नाही. दुबईला जाताना विमानात जे तीन तास गेले, आजचा भाग त्यांच्याबद्दल आहे. आणि हो, जे ऐकण्याऐवजी वाचतायत त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिहून काढलेला मजकूर. बोलण्याच्या ओघात आलेलं थोडंफार तसंच ठेवलंय, सांभाळून घ्या.

सुरुवातीला एक सोपा प्रश्न. मुंबईच्या लोकलमध्ये फर्स्ट क्लासचं तिकीट का काढतात? गाडी तीच. रूळ तेच. दादरला पोचायची वेळ तीच. पंखा तिथेही कधी कधी बंदच असतो. सीटवर जरा फोम असतो, पण सकाळी बसायला मिळतंय कुणाला? तरीही लोक कैक पटींनी जास्त पैसे मोजतात. का? तर शेजारच्या डब्यातली गर्दी या डब्यात येऊ नये म्हणून. म्हणजे बघा, आपण पैसे डब्यात काय आहे त्याचे कमी देतो आणि डब्यात कोण नाही त्याचे जास्त.

हा मुद्दा डोक्यात ठेवा. आता विमानात चढू.

माझा मामा दुबईत असतो. १९९४ साली एसी मेकॅनिक म्हणून गेला, आता सुपरवायझर आहे. गाव खेड तालुक्यात. महिन्याभराची सुट्टी संपवून तो परत निघाला होता आणि मला तिथल्या मराठी मंडळींच्या एका कार्यक्रमाला जायचं होतं, म्हणून आम्ही एकाच फ्लाइटचं तिकीट काढलं. दोघंही मागे, इकॉनॉमीत. निघायच्या दोन दिवस आधी मला मेल आला: तुमच्या कार्डावरचे पॉइंट्स वापरून बिझनेस क्लासमध्ये अपग्रेड करा. पॉइंट्स होते एकाच सीटपुरते.

मी मामाला फोन केला. म्हटलं, "मामा, तुझ्या नावावर करतो. तीस वर्षं जातोयस, एकदा तरी पुढे बस."

तर तो म्हणाला, "मला नको रे बाबा तिथे काटे-चमचे सांभाळत बसवू. तूच बस. तुझ्या त्या पॉडकास्टला काहीतरी बोलायला मिळेल."

खरं सांगू? मी फार आग्रह केला नाही. दोनदा विचारलं, तो दोनदा नाही म्हणाला, आणि मी बटण दाबलं. मला बसायचंच होतं पुढे. ही गोष्ट आधीच कबूल करतो, म्हणजे पुढचं सगळं ऐकताना तुम्हाला मी कुठे बसून बोलतोय ते माहीत असेल.

विमान छोटंच, मध्ये एकच वाट असलेलं. पुढे तीन रांगा, रुंद खुर्च्या, दोन-दोनच्या जोड्या. मी आधी चढलो, हातात सरबताचा ग्लास आला, गरम टॉवेल आला. मग मागची मंडळी आत यायला लागली. या छोट्या विमानांत मागे जाणारा प्रत्येक माणूस तुमच्या खुर्चीजवळून जातो. मामाही गेला. खांद्यावर बॅग, हातात पिशवी. माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "काय साहेब!" मी उगीचच मोबाइलमध्ये बघितलं.

विमान वर गेलं, सीटबेल्टचा दिवा विझला आणि एअर होस्टेसने येऊन पडदा ओढला. साधा करड्या कापडाचा पडदा, आपल्या घरात बेडरूमच्या दाराला असतो तसाच. त्याने आवाज थांबत नाही, वास थांबत नाही. पण पडदा लागला आणि मागची सगळी माणसं एकदम दिसेनाशी झाली.

अर्ध्या-पाऊण तासाने पडद्याजवळ बोलणं ऐकू आलं. आवाज मामाचा. मामीने दिलेला माझा डबा त्याच्या पिशवीत राहिला होता आणि तो द्यायला आला होता. एअर होस्टेस अगदी नम्रपणे सांगत होती, की सर, पलीकडे बिझनेस क्लासचे पॅसेंजर आहेत, तुम्ही तुमच्या जागेवर बसा, मी पोचवते. तिचंही काही चुकलं नाही, नियमच तसा असतो. मी उठून जाईपर्यंत मामा मागे वळलाही होता. दोन मिनिटांनी माझ्यासमोर ट्रे आला. ट्रेवर पांढरा नॅपकिन आणि नॅपकिनवर मामीचा स्टीलचा डबा. तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी. उघडला तसा तिन्ही रांगांमध्ये वास पसरला. शेजारच्या काकांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा डब्याकडे, आणि हळूच म्हणाले, "कोकण का?"

हसलो दोघं. पण भाकरीचा घास काही नीट उतरेना. डोक्यात एकच प्रश्न, हा पडदा इथे लावला कुणी? कधी? आणि तीन तासांच्या प्रवासाला तो लागतो कशाला?

मग मी तेच शोधत बसलो. तर चला, मागे जाऊ.

सुरुवात विमानापासून नाही करता येत, बोटीपासून करावी लागते. माझे आजोबा, म्हणजे मामाचे वडील, त्यांना आम्ही नाना म्हणायचो. नाना १९७२ साली पहिल्यांदा दुबईला गेले ते बोटीने. आधी दाभोळहून कोकण बोटीने भाऊचा धक्का, आणि मग मुंबई बंदरातून मोठी बोट. त्या बोटीचं नाव द्वारका. ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन ही जुनी कंपनी, तिच्या चार सारख्या बोटी दुसऱ्या महायुद्धानंतर मुंबई ते आखात या मार्गावर आल्या: दुमरा, द्वारका, दारा आणि दारेसा. यातली दारा ८ एप्रिल १९६१ ला दुबईजवळ स्फोट होऊन पेटली आणि २३८ माणसं गेली. द्वारका मात्र १९८२ पर्यंत चालत राहिली. म्हणजे जगात जंबो जेट उडत होती तेव्हाही आपली माणसं आखातात बोटीने जात होती.

या बोटींवर वर मोजक्या केबिन असायच्या आणि बाकी शेकडो माणसं डेकवर. डेक क्लास म्हणजे काय? बिछाना तुमचा तुम्ही आणायचा. चटई टाकून जागा धरायची, आणि उतरेपर्यंत तेवढीच तुमची. नाना सांगायचे, की वर साहेबलोकांकडे जाणाऱ्या जिन्याला एक साखळी लावलेली असायची. साखळी अगदी बारीक, लहान मूलही खालून गेलं असतं. पण कुणी जायचं नाही.

आता त्याच मार्गावरचं विमान बघा. १९३२ च्या ऑक्टोबरमध्ये इम्पीरियल एअरवेज या ब्रिटिश कंपनीची विमानं शारजाला उतरायला लागली. लंडनहून कराचीकडे येणारा हा हवाई मार्ग. विमान हॅंडली पेज एच. पी. ४२. चार इंजिनं, एकावर एक दोन पंख, आणि वेग ताशी १६० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आज आपली एखादी चांगली ट्रेन धावते तेवढा. रात्री मुक्काम करायला लागायचा, म्हणून शारजाच्या शेखांबरोबर करार करून तिथे किल्ल्यासारखं विश्रामगृह बांधलं. ते अजून आहे. अल महाता नावाचं म्युझियम आहे तिथे, आणि जिथे धावपट्टी होती त्यावरून आता शहरातला रस्ता जातो. त्याच महिन्यात, १५ ऑक्टोबर १९३२ ला, जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले. ती टपालसेवा या लंडन–कराची मार्गालाच जोडलेली होती.

गंमत ऐका. त्या एच. पी. ४२ मध्ये क्लास नव्हते. ना फर्स्ट, ना बिझनेस, ना इकॉनॉमी. सगळ्यांना सारख्याच आरामखुर्च्या, सारखंच जेवण. वाचताना वाटतं, वा, किती समानता! पण समानता होती कारण आत सगळे साहेबच होते. तिकीटच इतकं महाग की बाकीचे विमानाच्या शिडीपर्यंत पोचतच नव्हते. पडदा होता, फक्त तो विमानाच्या आत नव्हता. विमान आणि बोट यांच्यामध्ये होता.

पुढे ८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं पहिलं विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला गेलं. मलबार प्रिन्सेस नावाचं लॉकहीड कॉन्स्टेलेशन. तोपर्यंत परदेशी विमानप्रवास म्हटलं की आज आपण ज्याला फर्स्ट क्लास म्हणू तोच.

मग क्लास आले कुठून? इथे एक गोष्ट मला आधी माहीत नव्हती. मला वाटायचं, आधी साधी सीट होती आणि मग कुणीतरी वरची भारी सीट काढली. प्रत्यक्षात उलटं झालं. आधी भारीच होती, मग खाली स्वस्त क्लास जोडला. त्या काळात आंतरराष्ट्रीय तिकिटांचे दर विमान कंपन्या आयाटा या आपल्या संघटनेत बसून एकत्र ठरवायच्या. १ मे १९५२ पासून त्यांनी अटलांटिक महासागर ओलांडणाऱ्या फ्लाइट्सवर टुरिस्ट क्लास सुरू केला. युद्धात आणि युद्धानंतर विमानं मोठी झाली होती, सीटा भरायच्या होत्या, आणि नुसत्या साहेबांनी त्या भरत नव्हत्या.

१९५८ च्या एप्रिलमध्ये त्याच्याही खाली आणखी एक क्लास आला, इकॉनॉमी. आणि त्याच्यावरून जे भांडण झालं ते इतिहासात सँडविच वॉर म्हणून ओळखलं जातं. खरंच, मी थट्टा करत नाहीये.

झालं असं. स्वस्त तिकीटवाल्यांना आणि महाग तिकीटवाल्यांना वेगळं कसं ठेवायचं? विमान तर एकाच वेळी पोचणार. म्हणून नियम केला की इकॉनॉमीत गरम जेवण द्यायचं नाही, फक्त सँडविच. साधं, थंड, स्वस्तातलं. आता स्कॅन्डिनेव्हियात सँडविच म्हणजे काय, तर पावाच्या एकाच कापावर मांस, मासे, चीज, भाज्या यांचा डोंगर. त्यांच्या एसएएस या कंपनीने तसलंच सजवलेलं सँडविच द्यायला सुरुवात केली. अमेरिकेची पॅन अ‍ॅम भडकली. म्हणाली, हे सँडविच नाही, हे जेवण आहे! तक्रार झाली, बैठका झाल्या, मोठमोठे अधिकारी सँडविच कशाला म्हणायचं यावर वाद घालत बसले. शेवटी एसएएसला २०,००० डॉलर दंड झाला.

म्हणजे विचार करा. एखाद्या कंपनीला गिऱ्हाइकाला वाईट खायला दिलं म्हणून दंड होतो हे आपण समजू शकतो. इथे दंड झाला स्वस्त तिकीटवाल्याला जास्त चांगलं खायला दिलं म्हणून. कारण मागचा माणूस खूश झाला, तर पुढच्याने जास्त पैसे का द्यावेत?

हे कोडं एका माणसाने विमानं यायच्या कितीतरी आधी सोडवून ठेवलं होतं. ज्यूल द्युपुई नावाचा फ्रेंच इंजिनिअर. १८४९ साली त्याने रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाबद्दल लिहिलं. तेव्हा तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना काही ठिकाणी छप्परही नसायचं, बसायला नुसती लाकडी फळी. लोकांना वाटायचं, कंपनी कंजूष आहे किंवा गरिबांवर तिचा राग आहे. द्युपुईचं म्हणणं असं, की छपराचा खर्च फार नाही. छप्पर घालत नाहीत ते दुसऱ्या वर्गाचे पैसे देऊ शकणाऱ्या माणसाने तिसऱ्या वर्गात जाऊन बसू नये म्हणून. गरिबाला त्रास होतो खरा, पण भीती घालायची असते ती त्याच्या वरच्याला.

आपल्याकडे रेल्वेचा तिसरा वर्ग १९७४ मध्ये गेला. नाव गेलं, पण द्युपुईचा हिशोब कुठे गेला नाही. तो विमानात जाऊन बसला.

आता येऊ बिझनेस क्लासच्या जन्माकडे. १९७० साली बोइंग ७४७ आलं, जंबो जेट. १९७१ मध्ये एअर इंडियाचंही आलं, एम्परर अशोका. एकेका विमानात साडेतीनशे सीटा. आणि १९७३ मध्ये तेलाचा भडका उडाला. इंधन महाग, सीटा रिकाम्या. मग कंपन्यांनी सवलतीची तिकिटं काढली. आधी बुक करा, ठरावीक दिवस राहा, तारीख बदलायची नाही, आणि तिकीट स्वस्त घ्या. सप्टेंबर १९७७ मध्ये फ्रेडी लेकरच्या स्कायट्रेनने तर लंडन–न्यूयॉर्क एका बाजूचं तिकीट ५९ पौंडांवर आणलं. पाठीवर सॅक घेतलेली कॉलेजची पोरं अटलांटिक ओलांडायला लागली.

पण त्याच इकॉनॉमीत आणखी एक माणूस बसलेला असायचा. ऑफिसच्या कामाने निघालेला, आदल्या दिवशी तिकीट काढलेला, तारीख बदलता यावी म्हणून पूर्ण भाडं भरलेला. त्याच्या शेजारी कितीतरी कमी पैशांत आलेला विद्यार्थी. सीट तीच, जेवण तेच. हा माणूस चिडला. त्याचं चिडणं मला समजतं. आपणही शेजारच्याने तोच मोबाइल सेलमध्ये निम्म्या किमतीत घेतला हे कळल्यावर दोन दिवस अस्वस्थ असतो.

त्याची समजूत कशी काढायची? १९७६ मध्ये डच कंपनी केएलएमने पूर्ण भाडं भरणाऱ्यांना फर्स्ट क्लासच्या मागे, विमानाच्या पुढच्या भागात वेगळं बसवायला सुरुवात केली. लक्ष द्या, खुर्ची बदलली नव्हती. खुर्ची इकॉनॉमीचीच. फक्त वेगळं बसवलं. १९७८ मध्ये ब्रिटिश एअरवेजचा क्लब क्लास आला, पॅन अ‍ॅमचा क्लिपर क्लास आला. १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या क्वांटासने बिझनेस क्लास हेच नाव घेतलं. रुंद खुर्ची, झोपायचा पलंग, शॅम्पेन हे सगळं नंतर हळूहळू आलं. पहिल्या दिवशी विकायला होती ती फक्त मधली रेघ.

आता कुणी म्हणेल, लांबच्या प्रवासात त्याचा उपयोग आहे ना? आहेच. मुंबईहून न्यूयॉर्कला पंधरा-सोळा तास जायचं आणि उतरून थेट मीटिंगला बसायचं, तर आडवं झोपायला मिळण्याला किंमत आहे. गुडघे दुखणाऱ्या आजीला तर नक्कीच आहे. आणि अजून एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. पुढचे जे जास्त पैसे देतात, त्यांच्या जिवावर विमानाचा बराचसा खर्च निघतो, आणि त्यामुळे काही मार्गांवर मागची तिकिटं परवडणारी राहतात. तेव्हा पडदा म्हणजे नुसता दुष्टपणा, असं म्हणून मला मोकळं होता येत नाही.

पण तीन तासांत काय? जेवण येऊन जातं, एक सिनेमाही पुरता होत नाही, झोप लागेपर्यंत विमान उतरायला लागतं. छोट्या फ्लाइटवर पडद्याचं खरं रूप दिसतं. युरोपात तर हे सगळ्यात उघड आहे. तिथे दोन-तीन तासांच्या फ्लाइटमध्ये अनेक कंपन्यांची बिझनेस क्लासची खुर्ची म्हणजे इकॉनॉमीचीच खुर्ची. तीन सीटांतली मधली रिकामी ठेवायची, जेवण जरा बरं द्यायचं, झाला बिझनेस क्लास. आणि पडदा सरकता असतो. तिकिटं जास्त विकली गेली तर पडदा दोन रांगा मागे, कमी गेली तर दोन रांगा पुढे. म्हणजे सकाळच्या फ्लाइटला जी सहावी रांग बिझनेस होती, तीच संध्याकाळी इकॉनॉमी. खुर्ची जागची हलत नाही.

आपल्या आखाताच्या मार्गावर परत येऊ. तेलाच्या पैशाने तिथे बांधकामं उभी राहिली आणि आपल्याकडून माणसं गेली. रत्नागिरी, खेड, चिपळूण, महाड या पट्ट्यात एखादं गाव दाखवा जिथलं कुणी आखातात नाही. हळूहळू बोटींची जागा विमानांनी घेतली. २५ ऑक्टोबर १९८५ ला एमिरेट्स सुरू झाली ती पाकिस्तानच्या सरकारी कंपनीकडून भाड्याने घेतलेल्या विमानांवर, आणि तिच्या अगदी सुरुवातीच्या ठिकाणांत कराची, मुंबई आणि दिल्ली होती. ज्या बंदरात नाना चटई गुंडाळून उतरले होते, त्या शहराची विमान कंपनी उभी राहिली आणि तिने पहिली विमानं पाठवली ती आपल्याकडे.

नंतर स्वस्त विमानं आली. २००३ मध्ये शारजाहून एअर अरेबिया, २००६ मध्ये आपल्याकडे इंडिगो, २००९ मध्ये फ्लायदुबई. स्वस्त कंपन्यांचं सूत्र सोपं होतं: एकच क्लास, पडदा नाही, जेवण हवं तर विकत घ्या. आणि पुढे काय झालं? फ्लायदुबईने चारच वर्षांत, २०१३ मध्ये, बिझनेस क्लास आणला. इंडिगोने अठरा वर्षं एकच क्लास चालवला, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली–मुंबईवर पुढच्या रुंद खुर्च्या विकायला काढल्या. दिल्ली–मुंबई! जेमतेम दोन-सव्वादोन तास. लोक घेतात म्हणूनच विकतात ना.

अजून एक पडदा आहे, जो विमानात चढायच्या आधीच लागतो. तुमच्यातल्या अनेकांना माहीत नसेल. भारतात १९८३ चा एमिग्रेशन कायदा आहे आणि त्याप्रमाणे पासपोर्टचेही दोन प्रकार आहेत. दहावी पास नसाल, तर साधारणपणे तुमच्या पासपोर्टवर ईसीआर असं येतं, म्हणजे यूएईसारख्या ठरावीक देशांत नोकरीला जाण्याआधी सरकारी मंजुरी लागते. हेतू चांगला आहे. एजंट लोकांनी अडाणी माणसाला फसवू नये म्हणून हे आहे, आणि फसवणूक खरंच होते. पण माझा मामा आठवी शिकलेला. त्याच्या पहिल्या पासपोर्टवरचा तो शिक्का त्याला अजून आठवतो. म्हणतो, "काउंटरवरचा माणूस पान उलटायचा, शिक्का बघायचा आणि लगेच आवाज बदलायचा. तुम्हीचा तू व्हायचा."

जिन्याची साखळी, पासपोर्टवरचा शिक्का आणि करडा पडदा. एकाच घरातल्या तीन पिढ्यांनी एकाच मार्गावर बघितलेल्या या तीन गोष्टी. आणि तिसऱ्या पिढीतला मी पहिल्यांदाच पलीकडे बसलो होतो. तिथे बसल्यावर मला काय कळलं सांगू? मागून बघताना वाटतं, पडद्याआड काहीतरी भारी चाललंय. पुढून मागे मात्र काहीच दिसत नाही. पडदा खरं तर पुढच्यासाठी असतो. मामाला आवाज न देता मोबाइलमध्ये बघणं सोपं जावं, म्हणून.

विमान उतरताना पडदा परत उघडला. मी पहिल्यांदा बाहेर पडलो, मोठ्या रुबाबात. मग बाहेर थांबलो, कारण मामाशिवाय जाणार कुठे? माझी बॅग पट्ट्यावर पहिल्या पाचात आली, तिला प्रायॉरिटीचा टॅग होता ना. मामाची यायला वीस-पंचवीस मिनिटं लागली. म्हणजे जो वेळ मी विकत घेतला होता, तो सगळा पट्ट्याशेजारी उभं राहून खर्च झाला.

मी म्हटलं, "मामा, सॉरी. तुला तिथे आत यायला दिलं नाही."

"अरे त्यात काय? डबा पोचला ना?" मामा म्हणाला. "खाल्लास का पण?"

"खाल्ला. सगळ्यांना वास गेला."

तो खूप हसला. मग म्हणाला, "माझं मस्त झालं बघ. शेजारची मधली सीट रिकामीच होती. पाय वर घेऊन झोपलो. तुला सांगायलाच येणार होतो, मागे ये म्हणून. डबा द्यायच्या निमित्ताने तेवढंच विचारायचं होतं."

मधली सीट रिकामी. युरोपात असता तर मामाही बिझनेस क्लासमध्येच बसला असता. मी हे त्याला सांगितलं, सगळा इतिहास, केएलएम, सँडविच, सरकता पडदा. पट्ट्यावरून बॅगा फिरत होत्या आणि तो कौतुकाने ऐकत होता. सगळं ऐकून म्हणाला, "म्हणजे फुकटात झालं की माझं!" आणि बॅग उचलून चालायला लागला.

परतीच्या फ्लाइटला मी एकटाच होतो आणि मागेच बसलो. पॉइंट्स संपले होते, हे खरं कारण. शेजारी राजापूरचा एक मुलगा होता, दोन वर्षांनी घरी चाललेला. मुंबई येईपर्यंत आम्ही गप्पा मारल्या. पडदा तिथेही होता, पण तिकडे लक्षच गेलं नाही.

तर मंडळी, आजच्यासाठी इतकंच. जाता जाता एक काम सांगतो. तुमच्या घरात, ओळखीत कुणी आखातात बोटीने गेलेलं असेल, द्वारका असो की दुसरी कुठली बोट, तर त्यांच्याजवळ बसा आणि फोनवर रेकॉर्ड करून घ्या. कुठे झोपलात, काय खाल्लंत, वर जायचा जिना कसा होता, सगळं विचारा. आमच्या नानांचं असं काहीच रेकॉर्ड नाही. मला आठवतं तेवढंच, आणि ती एक साखळी. त्या माणसांची वयं आता सत्तर-ऐंशीच्या पुढे आहेत, तेव्हा उद्यावर टाकू नका. रेकॉर्डिंग मला पाठवलंत तर एक पूर्ण भाग त्यांच्याच आवाजात करू.

काळजी घ्या. भेटू पुढच्या भागात. आणि लोकलमध्ये ऐकत असाल तर जरा आत सरका, दारातल्या माणसाला जागा द्या.